उलट्या झबल्यांचं दुकान

आमच्या मालकांच्या शर्टाच्या कॉलरीत बऱ्याचदा दुसऱ्याच कुठल्यातरी कपड्याचं लेबल खोचलेलं असायचं. नव्या कंपनीचा एजंट माल दाखवायला आला की ते त्यातलं एखादं झबलं मागून घेत, मानेकडचं कंपनीचं लेबल कात्रीनं उसवून काढत आणि ते आपल्या मानेला लागेल असं कॉलरीच्या आत सरकवून ठेवत. मग दिवसभर ते तिथंच. भर मे महिन्यात, पत्र्याच्या छपराखाली, घामानं निथळत. संध्याकाळी मान लाल झालेली असली की एजंटाला फोन जायचा.

"तुमचं लेबल टोचतंय. माल नको."

"मालक, लेबलासाठी कोण माल नाकारतंय का?"

"मी नाकारतोय की."

फोन ठेवून ते आमच्याकडं वळायचे. "पोराला बोलता येत न्हाई. नुसतं रडतंय. आई म्हणती भूक लागली, आज्जी म्हणती दृष्ट लागली. लेबल टोचतंय हे कुणाच्या डोक्यात येणार?"

महाद्वार रोडला लागून एक बोळ आहे, त्यात हे दुकान होतं. फक्त लहान मुलांचे कपडे, तान्ह्या बाळापासून दहा वर्षांच्या मुलापर्यंत. बारावी झाल्यावर मी तिथं कामाला लागले ती पंधरा वर्षं राहिले. सुरुवातीला आम्ही कामाला तिघी होतो, शेवटी मी एकटीच.

पहिल्याच दिवशी मला शोकेस लावायला सांगितलं होतं. मी सगळे झगे, बाबासूट छान इस्त्री करून हँगरला लावले. मालक आले, बघितलं, आणि एकेक काढून उलटे करायला लागले. शिवण बाहेर, नक्षी आत. मला वाटलं गंमत करतायत. पण ते दुकान खरंच तसंच होतं. बाहेरून जाणाऱ्याला काचेत सगळे उलटे झगे दिसायचे. दोऱ्यांची टोकं, अस्तर, टाके. बोळातली माणसं त्याला उलट्या झबल्यांचं दुकान म्हणायची, आणि रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी तो बरोबर आणून सोडायचा.

"वरनं सगळंच गोड दिसतंय," ते म्हणायचे. "पोराच्या अंगाला आतली बाजू लागती. गिऱ्हाइकानं तीच बघायची."

नव्या गिऱ्हाइकाला हे पटायचं नाही. मला आठवतं, शाहूवाडीकडचे एक गृहस्थ नातवाच्या बारशाला कपडे घ्यायला आले होते. डोक्याला फेटा, हातात पिशवी. ते म्हणाले, "पावणं, जरा सुलटं करून दावा की."

"सुलटं घरात जाऊन बघा. हितं आतनं हात फिरवा."

त्या माणसानं घाबरत घाबरत आत हात घातला. त्याचा हात शेतातला, भेगाळलेला. मालक म्हणाले, "तुमच्या हाताला लागलं म्हंजे त्येच्या अंगाला किती लागंल, सांगा बघू." आणि स्वतःच तो सेट बाजूला ठेवून दुसरा, निम्म्या किमतीचा काढून दिला.

सीमेकडचं घर त्यांचं. कपाळावर विभूती. घरी कन्नड, दुकानात कोल्हापुरी. दोन मुली होत्या, दोघी निपाणीच्या पलीकडं दिलेल्या. राग आला की ते आवाज खाली आणून कन्नडमध्ये बोलायचे. त्यामुळं एजंट लोकांना आपल्याला नक्की काय म्हटलं गेलं ते कधी कळलं नाही.

एजंटांची तर ते परीक्षाच घ्यायचे. गल्ल्याशेजारी एक सोललेला नारळ ठेवलेला असे. तान्ह्या बाळाच्या डोक्याएवढा बघून आणलेला. अंगडं त्या नारळावरून न अडकता खाली उतरलं पाहिजे. अडकलं तर एजंटानं बॅग आवरायची. मग ओला पांढरा रुमाल कापडावर घासायचा, रंग लागतो का बघायला. मग बटणं, फुलं, चिकटवलेल्या टिकल्या, मोती, जे जे म्हणून वरून लावलेलं असेल ते दाताखाली धरून ओढायचं. एकदा एका एजंटाच्या बॅगेतल्या सात फ्रॉकांची बटणं त्यांनी अशी ओढून काढली आणि ती सात बटणं त्याच्या हातावर ठेवून म्हणाले, "ही तुझ्या पोराला खायला घाल."

आणि हे सगळं फक्त सॅम्पलवर नाही. माल आल्यावर पुन्हा. गठ्ठा फोडायचा, मधलाच कुठलातरी नग काढायचा आणि सगळं पहिल्यापासून करायचं. "सॅम्पल हे सॅम्पल असतंय," ते म्हणायचे. "लग्नाआधी पोरगीबी चांगलीच दिसती आणि पोरगाबी. लॉट बघायचा."

मला हे सगळं आधी गमतीचं वाटायचं, मग कौतुकाचं, आणि पुढं पुढं, खरं सांगायचं तर, लाजेचं. नव्वदची वर्षं सरत आली तशी राजारामपुरीत मोठी दुकानं झाली होती. काचेची दारं, आत गार हवा, टीव्हीवर जाहिराती येणाऱ्या कंपन्यांचे कपडे. आमच्याकडची जुनी गिऱ्हाइकंसुद्धा दुकानात येऊन कंपनीचं नाव विचारायला लागली. आमच्याकडं त्यातल्या एक-दोनच असायच्या. बाकीच्या नारळावर नापास झालेल्या. बायका तोंड वाकडं करून जायच्या. माझ्या वर्गातली एक मैत्रीण मुलाला घेऊन आली, शोकेसकडं बघून हसली आणि म्हणाली, "अगं, तू अजून हितंच?" ते मला फार लागलं.

मालकांना मी एकदा म्हटलंही, "गिऱ्हाईक मागतंय ते आपण ठेवू नये का?"

"ठेवू की. माझं काय भांडण हाय? चांगलं असंल ते ठेवू." मग म्हणाले, "गिऱ्हाईक कोण, ते आधी ठरव. पैसे देणारा का घालणारा?"

त्यानंतर एका पावसाळ्यात ते दुकानाच्या पायरीवरून घसरले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन महिने घरीच राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. कॉटवर उताणे पडलेले, पाय उशीवर. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला.

"एजंट येतील. तू बघ. तुला सगळं येतंय."

दहा वर्षांत त्यांनी माल निवडायचं काम दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. मी घरी येईपर्यंत पायांना जमीन लागत नव्हती.

पहिल्या आठवड्यात मी शोकेसमधले सगळे झगे सुलटे केले. दोन हजार वॅटचे दिवे लावल्यासारखी ती काच उजळली. बोळातून जाणाऱ्या बायका थांबायला लागल्या. आणि त्याच महिन्यात एका नव्या कंपनीचा एजंट आला. मालकांनी त्याला पूर्वी एकदा परत पाठवलं होतं, म्हणून तो आत यायच्या आधी मालक नाहीत ना, हे बघून घेत होता. त्यानं झबलं-टोपऱ्याचा सेट काढला. मऊ पांढरं कापड, आणि टोपऱ्याच्या कडेनं मोत्यांची ओळ. जावळाला, बारशाला घालायला इतकं सुंदर काही मी आमच्या दुकानात कधी बघितलं नव्हतं.

मी नारळ घेतला. उतरलं. रुमाल घासला. पांढराच राहिला. मोती दातात धरून ओढला. हलला नाही. पक्क्या दोऱ्यानं शिवलेला होता. मी तीन डझन सेट सांगितले.

माल आला तेव्हा सणाची गर्दी होती. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. गठ्ठा फोडला आणि सेट थेट काउंटरवर गेले. मधला एखादा नग काढून बघायला दोन मिनिटं लागली असती. गर्दी होती हे खरं, पण माझ्याजवळ दोन मिनिटं नव्हती असं नाही. मला वाटलं, मी निवडलेला माल आहे, चांगलाच असणार. तीन आठवड्यांत छत्तीसच्या छत्तीस सेट गेले.

दिवाळी होऊन गेल्यावर मालक काठी टेकत दुकानात आले. बोळातच थांबून शोकेसकडं बराच वेळ बघत राहिले. मी आत उभी होते.

"बरं दिसतंय," ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले, काय काय आलं, काय गेलं, विचारलं. मोत्याच्या टोपऱ्याचं मी अभिमानानं सांगितलं.

"लॉट बघितलास?"

"बघितला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही.

थंडी पडायला लागली होती. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस दुकानात आला. तिशीचा, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, दाढी वाढलेली. त्यानं खिशातून टोपरं काढून काउंटरवर ठेवलं. त्याच्या शेजारी कागदाची पुडी सोडली. पुडीत एकच मोती.

"मी उचगावचा," तो म्हणाला. "हे तुमच्याच दुकानातलं न्हवं?"

"व्हय," मालक म्हणाले.

"आठ महिन्याचं पोरगं हुतं माझं. जावळ काढलंतं, डोस्क्याला गार लागतंय म्हणून घातलंतं. पाळण्यात वढून काढलं आणि तोंडात घातलं. बायको चुलीम्होरं हुती. दवाखान्यात नेस्तोवर संपलंतं. डॉक्टरनी घशातनं ह्यो काढला." तो मोठ्यानं बोलत नव्हता. "म्हटलं, तुम्हाला दावावं."

मालकांनी टोपरं उचललं. उरलेल्या मोत्यांतला एक दोन बोटांत धरून ओढला. तो अलगद हातात आला. दुसरा ओढला, तोही आला. शिवलेले नव्हतेच. नुसते चिकटवलेले होते.

त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या माणसाकडंच बघत म्हणाले, "मी इकलं. माल मीच निवडला. चूक माझी हाय."

मी काउंटरच्या आत त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते.

तो माणूस काउंटरच्या जवळ सरकला. मला वाटलं, आता हात उचलेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "चूक म्हणून काय करू मी?" आणि निघून गेला. टोपरं तिथंच राहिलं.

दोन दिवसांनी मालक मला घेऊन उचगावला गेले. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, दारात माणसं बसलेली. मालक काठी बाजूला ठेवून त्या माणसांसमोर जमिनीवर बसले, मोडक्या पायानं, कसेबसे. पुन्हा तेच बोलले. मी इकलं. आतल्या खोलीच्या दारात पोराची आई बसली होती. माझ्याच वयाची. ती मालकांकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. सगळा वेळ. मी मान खाली घातली.

परत येताना रिक्षात मालक म्हणाले, "पस्तीस राहिली."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. अजून पस्तीस टोपरी कुणाच्या तरी घरात होती.

त्यांनी शोकेस रिकामी केली आणि काचेवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं, मोत्याचं टोपरं आमच्याकडून घेतलेल्यांनी लगेच परत आणून द्यावं, त्यामुळं एक मूल गेलं आहे. बोळातले व्यापारी जमून आले. एकजण म्हणाला, "अण्णा, स्वतःच्या हातानं दुकान बंद करालाय व्हय? कंपनीला नोटीस धाडा, हे काय लावलंय?" कंपनीला त्यांनी लिहिलं होतं. कंपनीनं उत्तर दिलं नाही. तो एजंटही पुन्हा कोल्हापुरात दिसला नाही.

काचेवरचा कागद वाचून अकरा जणांनी टोपरी आणून दिली. बाकीच्यांनी दुकानात येणंच सोडलं. एक बाई बोळाच्या तोंडाशी पोराला कडेवर घेऊन दुसरीला सांगत होती, ते बघ, त्या दुकानातल्या कापडानं पोर मेलं. मालक ऐकत होते. मला म्हणाले, "बरोबर सांगती. असंच पसरूदे."

मग त्यांनी शोधायला सुरुवात केली. ज्या दवाखान्यात ज्या दिवशी लस टोचायची असेल त्या दिवशी ते तिथं जाऊन दाराशी उभे राहायचे आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या डोक्याकडं बघायचे. पोलिओच्या डोसाचा रविवार आला की सकाळपासून एका बूथवरून दुसऱ्या बूथवर. कधी मला बरोबर न्यायचे, बहुतेकदा एकटेच. सापडलं की आईला नीट समजावून टोपरं मागून घ्यायचे, बदल्यात पिशवीतलं साधं सुती टोपरं द्यायचे. आणलेली सगळी घरी बंबात घातली.

राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात त्यांना मार बसला. पोरांच्या तोंडाकडं वाकून बघणारा अनोळखी म्हातारा, खांद्याला पिशवी. कुणीतरी ओरडलं की हा पोरं पळवणारा आहे. पंधरा-वीस जण धावून आले. नर्सबाई मध्ये पडल्या म्हणून वाचले. दोन दात गेले, चष्मा फुटला, तोच पाय पुन्हा सुजला. मी बघायला गेले तेव्हा त्यांची बायको, जिला आम्ही अक्का म्हणायचो, भिंतीला टेकून रडत होती. "ह्यांना सांग ग बाई," ती म्हणाली, "माझं ऐकत न्हाईत."

मी म्हटलं, "मालक, आता दीड वर्ष झालं. ती पोरं मोठी झाली. कुणी टोपरं घालत नसेल."

सुजलेल्या तोंडानं ते म्हणाले, "पाठचं झालं असंल की. टोपरं कोण टाकून देतंय? पेटीत ठेवतात. धाकट्याला घालतात. मग जावंच्या पोराला. अजून नऊ हायत."

त्या दिवशी मी सांगितलं. अक्का आत गेली होती. मी म्हटलं, "मालक, मी लॉट बघितला नव्हता. तुम्हाला खोटं सांगितलं."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "मोती हातात आला तवाच कळलं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"बोलून पोरगं उठून बसलं असतं?"

त्यांनी डोळे मिटले. मी वाट बघत राहिले, की अजून काही म्हणतील. शिवी देतील, कन्नडमध्ये तरी. त्यांनी मला कामावरून काढलं नाही, पगार कमी केला नाही, आवाज चढवला नाही. पण त्यानंतर कुठल्याही कंपनीचा माणूस आला की ते मला म्हणायचे, "तू जरा मागं जाऊन घड्या घाल." मी मागच्या खोलीत जाऊन आधीच घातलेल्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची. पुढून त्यांचा आणि एजंटाचा आवाज ऐकू यायचा.

दुकान चाललं नाही ते नाहीच. तान्ह्या मुलांचे कपडे ठेवणं त्यांनी बंद केलं. मोठ्या मुलांचे शाळेचे गणवेश तेवढे राहिले. उचगावचं पोर गेल्यावर पाच वर्षांनी, असेच एका पोलिओच्या रविवारी बूथवरून घरी आले, पाणी मागितलं आणि गेले. अक्का म्हणाली, शेवटी चार राहिली होती. मुलींनी दुकान विकलं. तिथं आता मोबाईलची दुरुस्ती करतात. मी राजारामपुरीतल्या एका मोठ्या दुकानात लागले. काचेच्या दाराच्या.

मालकांना जाऊन वर्ष होऊन गेल्यावर मी उचगावला गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. घर सापडलं. पत्र्याच्या जागी स्लॅब पडला होता. ती दारात शेंगा निवडत होती. मला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं आणि सरकून जागा केली.

मी म्हटलं, "आमचे मालक वारले."

"कळलं मला. दोन सणांना आलं न्हाईत, तवाच म्हटलं." माझा चेहरा बघून ती म्हणाली, "यायचं की ते. वर्षातनं दोनदा. हितंच जोत्यावर बसायचं, च्या घ्यायचं, जायचं. आमच्यासंगं लई बोलायचं न्हाईत."

मला हे माहीत नव्हतं. त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "ते टोपरं त्यांनी विकलं नव्हतं. ते तेव्हा घरी पडून होते. मी विकलं. मीच निवडलं होतं."

ती हसल्यासारखी झाली, पण हसली नाही. "बाई, मी तुमच्याच हातनं घेतलंतं. तुम्हीच म्हणालता, बाळाला राजावानी दिसंल. इसरन व्हय मी?"

मला माझं वाक्य आठवलं नाही. पण मी तेव्हा सगळ्यांनाच असं काहीतरी म्हणत होते.

"मग घरात का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "सासू म्हणालती, साधं घे. मी रडून मोत्याचं मागून घेतलं. तुमचं नाव निघालं असतं तर माझंबी निघालं असतं. म्हातारा म्हणाला मी इकलं, तर म्हटलं, असूदे. त्यो बसलाय ना खाली, असूदे." तिनं एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "तुमच्या मालकास्नी ठाऊक हुतं, मला ठाऊक हाय म्हणून. एकदा मी च्या देताना रडले, तवा म्हणालं, रडू नको, माझ्यावर घाल सगळं. मी घातलं."

आतून एका मुलीनं तिला हाक मारली. धाकटी असावी. ती उठली, पदर खोचला. मीही उठले.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "राग मानू नका. परत येऊ नका तुम्ही. ते यायचं ते मला चालायचं. त्येंनी इकलं नव्हतं."

मी बरं म्हटलं. ती आत गेली. मी चपला घालून हमरस्त्यापर्यंत चालत आले आणि कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाडीला हात केला.